डब्यातल्या दोन पोळ्या

ही एका कथेची हकीकत आहे. कथा चौदा पानांची, लिहिणारी चौतीस वर्षांची, एका उपनगरी स्टेशनावर तिकीट खिडकीत बसणारी. कथेचे चार खर्डे झाले, त्यात आठ महिने गेले. नवोदितांच्या लेखनात मला वर्षानुवर्षं खटकणारी एक गोष्ट त्या आठ महिन्यांत पहिल्यांदा नीट उलगडली, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तिला विचारूनच. नाव तेवढं देऊ नका, म्हणाली.

परळला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचं कथावाचन असतं. दहा-बारा जण जमतात. बँकेतून निवृत्त झालेल्या दोघी, कॉलेजातली मुलं, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक सर. मी एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचून निवडायचं काम बरीच वर्षं करते, त्यामुळे चर्चा चालवणं आपोआप माझ्याकडे आलं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली मुंबईत ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे आणि हौशी लिहिणाऱ्याला अजूनही याच दारातून आत यावंसं वाटतं. पूर्वी फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात कथा यायच्या, आता मोबाइलवर टाइप केलेल्या येतात. एक प्रकार मात्र तेव्हाही होता, आजही आहे. त्या कथेतल्या नायिकेकडून कधीच काही चुकत नाही. अशी कथा ‘साभार परत’ करताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण ती मनापासून लिहिलेली असते.

तिची कथा याच जातीची होती.

पहिला खर्डा

कथा २६ जुलै २००५ ची. नायिका ईश्वरी, वय एकोणतीस, कुर्ल्याच्या पालिका शाळेत शिक्षिका. घारे डोळे, कमरेखाली केस, शास्त्रीय गाणं, ज्युदोत राज्य पातळीवरचं पदक. दुपारी पाऊस सुरू होतो. दुपारच्या सत्रातली मुलं अडकतात. ईश्वरी छातीइतक्या पाण्यातून दोन मुलांना खांद्यावर घेऊन येते, वरच्या मजल्यावर सगळ्यांना खिचडी करून घालते, अडलेल्या एका बाईचं बाळंतपण करते, भांडणारे शेजारी तिच्या एका वाक्याने गप्प होतात. मुख्याध्यापक तिला विचारतात, “आता काय करायचं?” सकाळी मदतीला आलेला तरुण अधिकारी तिच्याकडे बघतच राहतो.

मी पेन्सिल घेऊन समासात खुणा करत वाचते. त्या चौदा पानांत दुसऱ्या कुणीतरी ईश्वरीचं कौतुक केल्याच्या जागा एकतीस भरल्या. मग उलटं मोजलं, तिला कुणी “नाही” किती वेळा म्हटलं? एकदाही नाही. शिपाई किल्ली देतो, मुलं रडायची थांबतात, पाणीसुद्धा ती पायरीवर उभी राहिली की चढायचं थांबतं. माझ्या मते खरी गोम इथे आहे. नायिका चांगली आहे म्हणून कथा बिघडत नाही. तिच्या आजूबाजूच्या माणसांना स्वतःचं काहीच उरत नाही, म्हणून बिघडते. मुख्याध्यापकांची स्वतःची मुलगी त्या दिवशी कुठे होती? शिपायाला घरी जायचं नव्हतं? चाळीस पोरांत एकही हट्टी पोर नव्हतं?

पावसाचंही तेच झालं होतं. पहिल्या खर्ड्यात ईश्वरीचे वडील गिरगावात गळ्याइतक्या पाण्यात अडकलेले दाखवले होते. ज्यांनी तो दिवस बघितला त्यांना आठवत असेल, दक्षिण मुंबईत तेव्हा विशेष काही झालंच नव्हतं. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, आणि कुलाब्याला जेमतेम ७३. फोर्टातल्या ऑफिसांतून संध्याकाळी निघालेल्यांना उत्तरेकडे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती. कथेत पाऊस सगळीकडे सारखा पडत होता, कारण ईश्वरीला तो सगळीकडे हवा होता.

सभेत काय झालं

वाचन संपल्यावर कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, “ही मेरी सू आहे.” तिला शब्द माहीत नव्हता. त्याने समजावून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. १९७३ साली अमेरिकेत पॉला स्मिथ नावाच्या बाईंनी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या चाहत्यांच्या हौशी नियतकालिकात एक छोटी विडंबनकथा लिहिली. तिची नायिका लेफ्टनंट मेरी सू. वय साडेपंधरा, सबंध ताफ्यातली सर्वांत लहान लेफ्टनंट. सगळे तिच्यावर खूश, ती सगळ्यांना वाचवते आणि शेवटी मरते तेव्हा सगळे तिच्याभोवती रडतात. चाहत्यांच्या लेखनात अशा नायिकांचा सुळसुळाट झाला होता, त्याची ती थट्टा होती. नाव चिकटलं, पुढे सामान्यनाम झालं.

त्याचं चुकलं नव्हतं, पण तिचा चेहरा पडला. हा शब्द मला स्वतःला फारसा आवडत नाही, ते याच कारणाने. तिकडेही पुढे यावर बरीच चर्चा झाली. बाईने लिहिलेली कुठलीही कर्तबगार नायिका दिसली की हा शिक्का मारायचा, असं होऊ लागलं. शिक्क्याच्या भीतीने बायका आपल्या लेखनात बाईला पुढे आणायलाच कचरू लागल्या. पडद्यावर एकटा दहा जणांना लोळवणारा हिरो मात्र आपण शिट्ट्या वाजवत बघतो, त्याला कोणी नाव ठेवत नाही.

संस्कृतच्या सरांनी तिची बाजू घेतली. म्हणाले, आदर्श नायक आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच मान्य झालेला आहे. धनंजयाच्या ‘दशरूपक’ या नाट्यावरच्या ग्रंथात नायकाचे चार प्रकार आहेत, त्यातला धीरोदात्त बघा. आणि त्यांनी लक्षण म्हणून दाखवलं: महासत्त्व, अतिगंभीर, क्षमावान, अविकत्थन, स्थिर, निगूढाहंकार, दृढव्रत. मी दोन शब्दांवर अडले. अविकत्थन म्हणजे स्वतःची बढाई न मारणारा. ईश्वरी स्वतः बढाई मारत नव्हती हे खरं, पण तिच्या वतीने ते काम एकतीस जणांनी वाटून घेतलं होतं. दुसरा शब्द निगूढाहंकार, ज्याचा अहंकार झाकलेला आहे असा. म्हणजे आदर्शाच्या व्याख्येतही अहंकार आहेच, फक्त वर दिसत नाही. धीरोदात्त माणूस आतून रिकामा नसतो, त्याच्या आत काहीतरी आवरून धरलेलं असतं. ईश्वरीच्या आत आवरून धरण्यासारखं काही नव्हतं. सरांचा श्लोक तिच्या बचावासाठी आला होता, मला मात्र त्यातून कथेचं दुखणं सापडलं.

बाकीच्यांनी नेहमीचा सल्ला दिला, “तिच्यात एखादा दोष घाल.” मीही मान डोलावली, ती माझी चूक.

पालीची भीती

दुसरा खर्डा महिन्याभरात आला. ईश्वरी आता पालीला घाबरत होती, चष्मा कुठे ठेवला ते विसरत होती आणि अन्याय दिसला की संतापत होती. कौतुकाच्या जागा एकतीसवरून चौतीस झाल्या, कारण आता तिच्या विसरभोळेपणाचंही लोक हसून कौतुक करत होते.

सांगितल्यावर दोष येतो, तो असा. त्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही. पालीच्या भीतीने कुणाचं काही बिघडलं नाही. संताप तर गुणच होता, फक्त आवाज चढवलेला. दोष कथेत शिरला की दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातलं काहीतरी कमी व्हायला हवं. हे तेव्हा मला इतकं स्पष्ट सांगता आलं नाही. आत्ता लिहिताना ‘ताट’ हा शब्द आला, त्याला कारण आहे.

मला कोडं पडलं होतं ते तिचं. कारण ही मुलगी न बघणाऱ्यांतली नव्हे. चहाच्या वेळी ती खिडकीवरच्या गोष्टी सांगते त्या ऐकाव्यात. पाच रुपयांच्या तिकिटाला पाचशेची नोट पुढे करणारा आधी खिडकीची काच बघतो, मग आपल्याकडे. पास काढायला आलेला नवरा बायकोचं वय सांगताना अडखळतो. आणि रांग वाढली, कुणी लांबलचक चौकशी करायला लागलं, की ती स्वतः मान खाली घालून प्रिंटर अडकल्यासारखं करते. “खरं तर अडकलेला नसतो, ताई.” हे तिने सहज सांगितलं. स्वतःबद्दल असं सांगू शकणारी बाई ईश्वरीबद्दल एक वाक्य का लिहू शकत नाही?

मग मी साहित्याचं सगळं बाजूला ठेवलं आणि खिचडीबद्दल विचारलं. वरच्या मजल्यावर गॅस कुठून आला? तळमजला पाण्यात, वीज गेलेली. चाळीस मुलांना पुरतील एवढे तांदूळ कुठले? पातेलं कुणाचं?

“आत्याने केली होती खिचडी,” ती म्हणाली. “घरी सगळे तसंच सांगतात.”

ईश्वरी ही तिची आत्या आहे हे तेव्हा कळलं. सख्खी आत्या, लग्न न केलेली, लालबागला त्यांच्याच घरात राहणारी, कुर्ल्याच्या शाळेत शिक्षिका. २६ जुलैला, मंगळवार होता तो, आत्या शाळेत अडकली आणि रात्रभर मुलांजवळ राहिली. फोन लागत नव्हते. दुसऱ्या दिवशी मुलांना न्यायला पालक आले, शेवटचं मूल गेल्यावर ती निघाली. लोकल बंदच होत्या. शीव, माटुंगा, दादर, परळ असं रुळांच्या कडेने चालत घरी पोचली, तेव्हा दुपार झाली होती. पुतणी तेव्हा चौदा वर्षांची. आत्या जाऊन आता पाच वर्षं झाली.

“आत्या स्वतः म्हणायची खिचडीचं?” मी विचारलं.

ती गप्प बसली. मग म्हणाली, “स्टेशनपर्यंत चालत जाऊ या का?”

जे लिहिलं नव्हतं

आत्याने शेवटच्या आजारपणात एका रात्री तिला सांगितलं होतं. खिचडी वगैरे काही नव्हतं. मुलांकडे होतं-नव्हतं ते संध्याकाळीच संपलं. कुणाचं बिस्कीट, कुणाचं चुरमुऱ्याचं पाकीट, ते वाटून खाल्लं. आत्याच्या पर्समध्ये तिचा डबा होता, दोन पोळ्या आणि भाजी. वाटायला काढला असता तर प्रत्येकाला तुकडाही आला नसता, म्हणून तिने तो काढला नाही. मुलं बाकांवर, सतरंजीवर झोपली. रात्री दोनच्या सुमारास ती उठली, कपाटामागे गेली, अंधारात आवाज होऊ नये म्हणून झाकण पदरात धरून उघडलं आणि दोन्ही पोळ्या खाल्ल्या. भाजी बोटाने पुसून खाल्ली. मग बाहेर येऊन मुलांजवळ बसली.

“तिला हे पंधरा वर्षं टोचत होतं, ताई. आणि मी ते कथेत कसं घालू? गेलेल्या माणसाबद्दल असं लिहितात का?”

पुलावर गर्दी होती, आम्ही कठड्याला चिकटून उभ्या होतो. मला इतक्या वर्षांत वाचलेल्या त्या सगळ्या निर्दोष नायिका आठवल्या. मी समजत आले होते की लिहिणारी स्वतःला नायिकेत बघते, आपल्याला हवं तसं रूप, हवं तसं धैर्य तिला देते. तसं असतंही पुष्कळदा. पण इथे ते नव्हतं. इथे एक पुतणी आपल्या आत्याची अब्रू राखत होती. ईश्वरीचे घारे डोळे, ज्युदो, बाळंतपण हे सगळं त्या कपाटासमोर उभं केलेलं सामान होतं, मागे कुणी जाऊ नये म्हणून. आपल्याकडे माणूस गेला की त्याच्याविषयी चांगलंच बोलायचं असतं, आणि ते योग्यच आहे, तेराव्याच्या पंगतीत तसंच बोलावं. कथा लिहायला बसल्यावर मात्र त्या रीतीत माणूस दुसऱ्यांदा हरवतो. तिच्या कथेत आत्या कुठेच नव्हती.

हे मी तिला असंच्या असं बोलले नाही. “त्या पोळ्यांचं लिही, मग बघू,” एवढंच म्हटलं.

साखर

तिसरा खर्डा यायला तीन महिने लागले. घारे डोळे गेले, पदक गेलं, अधिकारी गेला. नायिका पन्नाशीची झाली, तिला नावही उरलं नाही, मुलं तिला ‘बाई’ म्हणतात तेवढंच. कपाटामागचा प्रसंग आला होता. पण त्याच्या आधी एक परिच्छेद होता: बाईंना मधुमेह होता, वेळेवर खाल्लं नाही तर चक्कर यायची, आणि त्यांना काही झालं असतं तर मुलांकडे कोणी बघितलं असतं?

“आत्याला साखर होती?” मी विचारलं.

“नाही.”

हा परिच्छेद मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पदकं आणि डोळे काढून टाकणं सोपं असतं, ते नवखेपण कुणालाही दिसतं. अवघड असतं ते हे, दोष दाखवला आणि त्याच दमात त्याची सफाई दिली. रागावली, पण कारण तसंच होतं. खोटं बोलली, पण दुसऱ्याच्या भल्यासाठी. खाल्लं, पण साखर होती. बरेच चांगले, हात बसलेले लेखकसुद्धा या पायरीवर अडकतात, आणि संपादकांच्याही नजरेतून ते सुटतं, कारण वरवर बघता व्यक्तिरेखा ‘गुंतागुंतीची’ दिसते. माझ्या पेन्सिलीला तेव्हापासून एक नवी खूण लागली: ‘सा’. साखरेचा सा. कथेत पात्राच्या वागण्यानंतर तीन ओळींच्या आत कारण आलं की मी ती करते.

साखर काढायला ती तयार नव्हती. आमचं थोडं वाजलंच. ती म्हणाली, वाचणारा म्हणेल, पोरांना उपाशी ठेवून खाल्लं. मी म्हटलं, म्हणू दे. तोच वाचणारा रात्रभर तिच्यासोबत त्या खोलीत बसला आहे. मूल रडलं की ती उठते हे त्याने बघितलंय, पाणी किती पायऱ्या चढलं ते ती खडूने खुणा करून बघते हेही बघितलंय. तू त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीस. ती रागावून गेली, पुढच्या महिन्यात वाचनाला आली नाही.

चौथा खर्डा मला थेट मोबाइलवर आला. साखर नव्हती. प्रसंग अकरा ओळींचा होता. त्यात एक वाक्य आहे, तिच्या परवानगीने इथे देते: “पोळी गार होती, आणि तिला ती आवडली.” एवढंच. ‘आवडली’ या शब्दापाशी मी थांबले. भूक भागली असं लिहिलं असतं तर पुन्हा सफाई झाली असती.

त्यानंतर कथेतली बाकीची माणसं आपोआप जागी झाली, हे मला सांगायला हवं, कारण ते मी सुचवलं नव्हतं. शिपाई किल्ली देत नाही, मुख्याध्यापकांच्या परवानगीशिवाय वरची खोली उघडणार नाही म्हणतो, आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच असतो. एक मुलगा रात्रभर “तुम्हीच मला लवकर सोडलं नाही” म्हणून बाईंशी अबोला धरतो. सकाळी एक पालक येतो, मुलाचा हात धरतो आणि बाईंकडे न बघता निघून जातो. कौतुकाची जागा एक उरली: एक लहान मुलगी बाईंच्या साडीचा काठ धरून झोपलेली असते. एका बाबतीत आमचं पटलं नाही. शेवटी बाई रुळांवरून चालत जातात तो भाग मला लांबलेला वाटतो, एका पानाने कमी करावा असं माझं मत आहे. तिने केला नाही.

वाचन झालं तेव्हा मेरी सू म्हणणारा मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. सरांनी मात्र ‘निगूढ’ एवढा एकच शब्द उच्चारला आणि चष्मा पुसला. कथा एका दिवाळी अंकाकडे गेली आहे. आमच्या अंकाकडे नव्हे, मी तिच्यात इतकी गुंतल्यावर ते बरं दिसलं नसतं.

कुठे पाठवायच्या आधी तिने ती वडिलांना वाचून दाखवली. याचीच तिला खरी भीती होती, कारण आत्या त्यांची मोठी बहीण. ते शेवटपर्यंत ऐकून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ड्युटीवर निघताना चप्पल घालत होती, तेव्हा ते मागून म्हणाले, “डबा घासून आणला होता तिने त्या दिवशी. चिखलात माखून आली होती, पण डबा स्वच्छ. तुझी आई म्हणाली, पोरांना भरवलं असेल. मग आम्ही सगळ्यांना तसंच सांगायला लागलो. तिने कधी हो म्हटलं नव्हतं.”